आधी छर्रा कुठे थांबेल ते ठरवा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. नाव आणि गाव अर्थातच देत नाही. ते लिहितात: घरामागे साधारण २० मीटर लांबीचं परस आहे, मग मातीचा बांध आणि बांधापलीकडे काकांचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. २०२४ च्या ऑलिम्पिकपासून १४ वर्षांच्या मुलाला नेमबाजीचं वेड लागलं आहे. आपल्यालाही लहानपणी हौस होती, पण तेव्हा पैसे नव्हते. आता रविवारी बापलेकांनी परसात टार्गेट लावून नेम मारावा, असं मनात आहे. दुकानदाराने .२२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास), हवा भरून ठेवायची पीसीपी एअर रायफल सुचवली. 'एकदाच घ्यायची तर दमदार घ्या, एअर गनला लायसन्स लागत नाही,' असं त्याचं म्हणणं. मुलालाही .२२च हवी, कारण स्वप्नील कुसाळे .२२ ने खेळतात. शेजारी सांगतो, एअरसॉफ्ट घ्या, प्लास्टिकच्या गोळ्या असतात, धोका काही नाही. बायको म्हणते, घरात बंदूकच नको. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'कुळागरात माकडांचा उपद्रव फार वाढलाय, त्यांनाही जरा धाक बसेल. तर कोणती घेऊ, तेवढं सांगा.'

नमस्कार.

तुमच्या पत्रात दुकानदार, मुलगा, शेजारी आणि पत्नी अशा चौघांची मतं आहेत, आणि चौघंही बंदुकीबद्दल बोलतात. परसाबद्दल त्यांच्यापैकी कुणीच बोलत नाही. पत्र वाचताना मला मात्र सारखं परसच दिसत होतं. बांधाची उंची किती आहे? काका पोफळींना पाणी लावायला कोणत्या वेळी येतात? कुळागरातून वाड्यावर जाणारी पायवाट आहे का, आणि तिथून शाळेची मुलं जातात का? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत बंदुकीचं मॉडेल ठरवता येणार नाही. म्हणून तुमच्या 'कोणती घेऊ' कडे मी थोडं वळसा घालून येते.

एअर गनचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. हातात घेतला तर नगण्य वाटतो. पण नळी थोडी वर झाली आणि छर्रा बांधावरून निसटला, तर तो दोनशे-तीनशे मीटरपर्यंत सहज जाऊ शकतो. तुमचं परस २० मीटरचं आहे. उरलेलं सगळं अंतर काकांच्या कुळागरात आणि त्याच्याही पलीकडे कुणाच्या तरी अंगणात जातं. कुळागर घनदाट असतं, माणूस पोफळीआड दिसत नाही, खाली वाकून सुपाऱ्या वेचणारी बाई तर अजिबातच दिसत नाही. 'मागे कुणी नसतं' हे आपण घरात बसून ठरवतो. एका आठवड्यात वेगवेगळ्या वेळी बांधावर उभं राहून, कोण कधी जातं ते पाहा. मग ठरवा.

आता दुकानदाराचं बोलणं. 'एअर गनला लायसन्स लागत नाही' हे अर्धंच खरं आहे, आणि तुम्हाला दाखवलेल्या बंदुकीच्या बाबतीत तर चूकच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीतून बाहेर पडताना छऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, किंवा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजेच .१७७ इंचापेक्षा मोठा असेल, तर त्या एअर गनला परवाना लागतो. .२२ एअर रायफलचा बोअर ५.५ मिलिमीटर असतो. तेव्हा ती कितीही मवाळ असली तरी परवान्याच्या कक्षेत येते. दमदार पीसीपी तर ऊर्जेच्या अटीतही अडकते. परवाना न घेता ती घरी आणली, तर उद्या पोलिसांपुढे दुकानदार उभा राहणार नाही, तुम्हाला राहावं लागेल. दुकानात जाल तेव्हा दोनच गोष्टी लेखी मागा: बिलावर बोअर, आणि कंपनीच्या कागदावर जूलमधली ऊर्जा. जो विक्रेता बिल द्यायला किंवा तुमचं ओळखपत्र नोंदवून घ्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

जूलचा हिशेब घरीही करता येतो, आणि तुमच्या मुलाला तो आवडेल. शाळेत गतिज ऊर्जेचं सूत्र त्याला लवकरच भेटणार आहे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा १० जूल. वेग २८० मीटर केला तर साधारण १९.६ जूल, म्हणजे परवान्याच्या उंबरठ्यावर. आणि ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलमध्ये जे खेळाडू उतरतात त्यांच्या रायफलचा वेग असतो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वासात जूल. जगातली सर्वांत अचूक एअर रायफल दुकानदाराच्या 'दमदार'पेक्षा कितीतरी मवाळ असते. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं ते याच प्रकारात. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. जास्त ताकदीबरोबर येतो तो जास्त धक्का, जास्त आवाज, आणि छर्रा अडवणं तेवढंच कठीण.

मुलाचा एक गैरसमज आहे, तो त्याला न हिणवता सांगा. स्वप्नील कुसाळे यांचं पॅरिस ऑलिम्पिकमधलं ब्राँझ ५० मीटर थ्री पोझिशनमधलं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम मारायच्या प्रकारातलं आहे. त्यांची .२२ म्हणजे काडतुसाची, दारूवर चालणारी रायफल. दुकानात दिसलेली .२२ एअर रायफल हे वेगळंच हत्यार, दोघांत जवळजवळ सारखा बोअर सोडला तर काही समान नाही. स्पर्धेतल्या १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल या दोन्ही प्रकारांत बोअर ४.५ मिलिमीटरच असतो. पॅरिसमध्ये मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तुलात पदक घेतलं तेही ४.५ वरच. कोल्हापूरजवळच्या खेड्यातला मुलगा ऑलिम्पिकपर्यंत गेला याचं तुमच्या मुलाला वेड लागलं असेल, तर त्या वाटेची सुरुवातही साध्या ४.५ पासून होते, हे ऐकून तो खट्टू होणार नाही.

शेजाऱ्यांच्या एअरसॉफ्टबद्दल. ती वाईट सूचना नाही, पण 'धोका काही नाही' हे खरं नाही. एअरसॉफ्टची गोळी ६ मिलिमीटरची, प्लास्टिकची, बहुधा ०.२० ग्रॅम वजनाची. सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली तर ऊर्जा १ जूल. कातडीवर लाल वळ उठेल, पण डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून एअरसॉफ्टलासुद्धा गॉगल लागतोच, आणि तो मारणाऱ्यालाच नव्हे तर परसात उभ्या असलेल्या प्रत्येकाला. दुसरी अडचण तिच्या रूपाची आहे. बहुतेक एअरसॉफ्ट खऱ्या पिस्तुलाची किंवा रायफलीची हुबेहूब नक्कल असतात. परदेशातून मागवलेली कस्टममध्ये अडकू शकते, आणि गाडीतून नेताना नाक्यावर पोलिसाने पाहिली तर त्याला ती खरीच वाटणार. तिसरी गोष्ट, गोळी हलकी असल्यामुळे वाऱ्याने वाहते. नळीत 'हॉप-अप' नावाची सोय असते, ती गोळीला उलटी फिरकी देऊन लांब तरंगत नेते. त्यामुळे माणसाएवढ्या लक्ष्यावर ती चालते, पण १० मीटरवरच्या कागदी टार्गेटवर एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लागणं तिच्याकडून होत नाही. मुलाला खेळ म्हणून डबे पाडायचे असतील तर एअरसॉफ्ट पुरेशी. नेमबाजी शिकायची असेल तर ती लवकरच अपुरी पडेल. घेतलीच तर मातीत कुजून जाणाऱ्या गोळ्या मिळतात त्या घ्या; पाटाच्या पाण्यातून प्लास्टिकचे पांढरे मणी पोफळीच्या मुळाशी जाऊन बसायला नकोत.

एअर गनमध्ये तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. पीसीपीत २०० बारच्या आसपास दाबाने हवा भरलेली टाकी असते. धक्का जवळजवळ नसतो, म्हणूनच स्पर्धेतल्या रायफली आता याच जातीच्या असतात, आणि ४.५ मिलिमीटरची कमी ताकदीची पीसीपी परवान्याशिवाय बसते. पण हवा भरणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. हातपंप मारून घाम निघतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की पंपातून ओल थेट टाकीत जाते. किनाऱ्यावरच्या स्कूबा डायव्हिंगवाल्यांकडे कोरडी, गाळलेली हवा असते, पण सत्तरीतून दर वेळी तिकडे कोण जाणार? दुसरी वाट १२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड कॅप्सूलवरच्या पिस्तुलांची. मजा येते, पण कॅप्सूल संपत राहतात, आणि यातली बरीचशी पिस्तुलं पोलादी गोल मणी मारतात. कठीण पृष्ठभागावरून पोलादी मणी जसाच्या तसा परत उडतो. परसात ते नकोच.

तिसरी वाट म्हणजे स्प्रिंगची साधी रायफल, जिची नळी सांध्यातून खाली वाकवून, म्हणजे 'मोडून', स्प्रिंग ताणायची असते. तुमच्यासाठी मी हीच सुचवेन: ४.५ मिलिमीटर बोअर, ८ ते १२ जूलच्या दरम्यान ऊर्जा, उघडी साइट, म्हणजे दुर्बीण न लावता नुसत्या मागच्या खाचेतून आणि पुढच्या काट्यावरून नेम घ्यायचा. जुन्या लोकांना 'नॅशनल'ची एअर रायफल आठवत असेल, आता प्रीसिहोलसारख्या भारतीय कंपन्यांच्याही मिळतात. नाव कोणतंही असो, हातात घेऊन तीन गोष्टी पाहा. नळी मोडताना तुम्हाला एका हाताने, फार जोर न लावता जमते का? ट्रिगर सरळ मागे येतो की अडखळतो? आणि नळी बंद केल्यावर सांध्यात हलते का? सांधा हलत असेल तर ती रायफल कधीच एका जागी लागणार नाही.

स्प्रिंगच्या रायफलीचे दोन स्वभाव आधीच सांगून ठेवते. एक म्हणजे ती घट्ट आवळून धरली की भलतीकडे मारते. पिस्टन पुढे जाताना ती मागे आणि थांबताना पुढे उसळते, तेव्हा पुढचा हात नुसता आधार द्यायला, पकडायला नव्हे. नवशिका माणूस दोन दिवस छऱ्यांना दोष देतो आणि मग हळूच हात सैल करतो. दुसरा स्वभाव बोटांच्या बाबतीतला. नळी मोडलेली असताना छर्रा घालण्यासाठी अंगठा तिथे जातो. त्या वेळी दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली असलीच पाहिजे, कारण खटका सुटला तर नळी झटक्याने मिटते आणि बोट तुटू शकतं. छर्रा न घालता 'बघू तरी कसा आवाज येतो' म्हणून ट्रिगर दाबायचा नाही. हवेची गादी नसली की पिस्टन पुढे आपटून सील फाटतं. नळीच्या मागच्या भोकात तेलही सोडायचं नाही. दाबलेल्या हवेने ते पेटतं, मोठा आवाज येतो, वेग अनपेक्षित वाढतो आणि सील जातं. छर्रे सपाट डोक्याचे घ्या, सात ते साडेआठ ग्रेन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचे. कागदात ते स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजायला सोपं जातं. टोकदार छऱ्यांचा मोह नको.

आता परसाकडे येऊ.

छर्रा अडवणारी पेटी बंदुकीआधी बनवायची, हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे. सुताराकडून जाड फळ्यांची पेटी करून घ्या, उघडं तोंड तुमच्या बाजूला. तोंड निदान दीड-दोन हात रुंद आणि तेवढंच उंच असावं. टार्गेटचा कागद तळहाताएवढा असतो म्हणून पेटी तेवढीच करण्याची चूक बहुतेक जण करतात. पेटीचं माप चांगल्या नेमावरून ठरवायचं नसतं, तुमचा किंवा मुलाचा सर्वांत वाईट नेम कुठे जाईल त्यावरून ठरवायचं. मागच्या फळीला आतून जाड लोखंडी पत्रा लावा आणि पेटी जुन्या कपड्यांनी, गोणपाटाने किंवा टायरच्या रबराच्या तुकड्यांनी ठासून भरा. पहिले दहा-बारा छर्रे मारून भर उपसून पाहा. पत्र्यावर वळ दिसले तर भर कमी आहे, अजून ठासा. वरचे कपडे फाटत जातात, ते अधूनमधून बदलावे लागतात.

ही पेटी बांधाच्या पुढ्यात ठेवा, म्हणजे चुकलाच तर छर्रा मातीत जाईल. बांध कमरेएवढाच असेल तर तो पुरेसा नाही. पेटीमागे माणसापेक्षा उंच काहीतरी हवं. चिऱ्यांची भिंत मागे असली तरी पेटीशिवाय थेट तिच्यावर मारू नका. चिरा दिसायला ठिसूळ, पण त्याच्या खाचखळग्यांवर छर्रा कोणत्या कोनात लागेल आणि कुठे वळेल ते सांगता येत नाही. माडाच्या खोडावर टार्गेट ठोकण्याची पद्धत तर सर्रास दिसते. गोल, कठीण खोडावरून छर्रा बाजूला सटकतो, शिवाय माडाला इजा होते ती वेगळीच. पाटाच्या दिशेनेही नको, पाण्यावरून छर्रा उसळी मारतो.

पेटीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तुमच्यासारख्या बागायतदाराने तो मनावर घ्यावा. पाचशे छऱ्यांचा एक डबा म्हणजे पाव किलो शिसं. असे चार डबे वर्षभरात सहज संपतात. पेटी नसेल तर हे किलोभर शिसं जिथे तुमच्या कोंबड्या चरतात आणि पावसाचं पाणी वाहतं त्या मातीत जाणार. कोंबड्या बारीक खडे टिपून खातात, तशा छर्रेही टिपतात. पेटीतलं शिसं गोळा करून भंगारवाल्याकडे देता येतं. आणि नेमबाजी झाल्यावर दोघांनीही साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला किंवा पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेल्या पावाला हात लावायचा नाही. छर्रे तोंडात धरून ठेवायची सवय काही जणांना असते, ती तर कधीच नको.

अंतर सुरुवातीला पाच-सहा मीटर ठेवा, महिन्याभराने १० मीटर करा. टार्गेट एअर पिस्तुलाचं वापरा. त्याचा मधला दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटरचा असतो. एअर रायफलच्या टार्गेटवर तोच गोल अर्ध्या मिलिमीटरचा, नुसता ठिपका. नवशिक्याने त्यावर सुरुवात केली तर उगाच निराशा पदरी येते. पेटीच्या बाजूला, समोरून दिसेल अशी एक लाल फडकी बांधा. ती वर असताना घरातल्या कुणीही मागच्या दाराने बाहेर यायचं नाही, आणि पुढे कुणीही गेलं की नळी मोडून रायफल खाली ठेवायची. मुलगा मारत असेल तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी उभे, स्वतःच्या मोबाइलमध्ये नव्हे. शेजाऱ्यांना आणि काकांना आधी सांगा, वेळ ठरवून घ्या, पेटी त्यांना दाखवा. हलगर्जीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे; एअर गनला परवाना लागत नसला म्हणून तिच्या परिणामांतून सुटका नसते.

आणि आता तुमची ती शेवटची ओळ.

माकडांना धाक बसावा म्हणून एअर गन हवी असेल, तर माझं उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नका. तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून मी हे म्हणत नाही. वर्षभर राबून हाताशी आलेली केळी आणि नारळ एका सकाळी उद्ध्वस्त झालेले पाहिले की काय होतं, ते कुळागर असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. राग खरा आहे. पण एअर गनच्या छऱ्याने माकड बहुधा जागीच मरत नाही, ते छर्रा अंगात घेऊन फिरतं. जखम सडते, डोळा जातो, पिल्लू पोटाशी असेल तर त्यालाही लागतं. टोळी दोन दिवस पलीकडच्या कुळागरात जाते आणि परत येते. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराला जखमी करणंही येतं आणि तसा प्रयत्न करणंही. हाताशी बंदूक आहे म्हटल्यावर आज माकड, उद्या मोर, परवा शेकरू, असं होत जातं. पक्षी आणि लहान जनावरं एअर गनने मारली जातात म्हणून अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअर गन जमा कराव्यात अशी मोहीम सुरू करावी लागली.

सत्तरीत तर आणखी एक कारण आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जवळून माहीत असेल. माकडतापाचे रुग्ण आपल्या तालुक्यात २०१५ पासून आढळले. हा विषाणू गोचिडीतून पसरतो; माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पालापाचोळ्यात पसरतात. जखमी माकड कुळागरात आडबाजूला जाऊन मेलं, तर पुढचे कित्येक दिवस अनवाणी सुपाऱ्या वेचणाऱ्या माणसांच्या पायांशी ते संकट पडून राहणार. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं असतं, हे गावातल्या मुलांनाही ठाऊक असायला हवं. तिथे आपणच माकडं जखमी करणं म्हणजे स्वतःच्या घरात आजार बोलावणं.

माकडांवरचा उपाय बंदुकीपेक्षा कंटाळवाणा आहे. घराच्या आणि कुळागराच्या मधल्या झाडांच्या फांद्या छाटा, म्हणजे त्यांचा वरचा रस्ता तुटतो. घड पिकायच्या आत उतरवा किंवा पोत्याने झाका. सकाळच्या वेळी कुत्रा आणि माणूस दोन्ही कुळागरात असू द्या. सौर कुंपणाचं अनुदान आणि वन्य जनावरांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई यांची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात करा. सौर कुंपण माकडांपेक्षा रानडुकरांना आणि गव्यांना जास्त अडवतं, पण फांद्या छाटल्या असतील तर माकडांवरही परिणाम होतो. काकांबरोबर आणि शेजारच्या दोन कुळागरांबरोबर एकत्र अर्ज केलात तर अधिक बरं, कारण एकाच कुळागराला कुंपण घातलं की टोळी शेजाऱ्याच्या वाट्याला जाते.

माकडांची ती ओळ तुमच्या मनातून पूर्णपणे निघाली, तरच पुढचं वाचा.

मुलाबद्दल. चौदा हे नेमबाजी सुरू करायला चांगलं वय आहे, पण सुरुवात परसात व्हावी असं मला वाटत नाही. राज्य रायफल संघटनेशी संलग्न असलेल्या रेंजवर किंवा क्लबात त्याला आधी दोन-तीन महिने पाठवा. तिथे क्लबची रायफल असते, प्रशिक्षक असतो, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे शिस्त असते: आज्ञा झाल्याशिवाय रायफल उचलायची नाही, बोट ट्रिगरबाहेर, नळी कायम टार्गेटकडे. बापाने सांगितलेलं मुलगा चौदाव्या वर्षी अर्धं ऐकतो, प्रशिक्षकाचं पूर्ण ऐकतो. तिथे टिकला, तर घरची रायफल त्याच्या सरावाला कामी येईल. दोन महिन्यांत त्याचं मन दुसरीकडे गेलं, तर तुमचे पैसे वाचले. स्पर्धेत उतरण्याची वेळ आली तर वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊसारख्या परदेशी रायफलीची किंमत लाखांत जाते, पण तो निर्णय आज घ्यायचाच नाहीये.

रायफल त्याच्या नावावर, त्याची म्हणून, वाढदिवसाची भेट म्हणून आणू नका. ती तुमची. कुलुपाच्या कपाटात, छर्रे वेगळ्या कुलुपात. चवथीला, म्हणजे गणपतीत, घर माणसांनी भरतं, चुलत-मावस भावंडं मिळून सगळी कपाटं धुंडाळतात. त्या दिवसांत ती कुणाला दाखवायलाही बाहेर काढू नका. स्प्रिंग ताणलेल्या स्थितीत रायफल कधीच ठेवायची नाही. पावसाळ्यात फोमच्या पेटीत बंद करून ठेवली तर ओल धरून नळी गंजते, त्यापेक्षा तेलाच्या फडक्याने पुसून कपाटात उभी ठेवा आणि दर आठवड्याला पुसा.

राहिल्या तुमच्या पत्नी. त्यांचं मत तुम्ही एका ओळीत लिहिलंत, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यांना नेमकं काय नको आहे, ते विचारलंत का? मुलाच्या हाताला काही होईल याची भीती असेल, तर पेटी, गॉगल आणि कुलूप दाखवून बोलता येईल. तुम्ही माकडांवर ती रोखाल अशी भीती असेल, तर ती रास्त आहे, पत्रात तुम्हीच ते लिहिलं आहे. घरात हत्यार असण्याचीच त्यांना मनापासून नावड असेल, तर ती भीती समजावून घालवायची गोष्ट नाही, मान्य करायची आहे. पेटी बनवा, ती त्यांना दाखवा, काकांशी बोललात ते सांगा, आणि कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे राहील असं ठरवा. रविवारी कुलूप उघडायचं की नाही यात त्यांचा शब्द तुमच्याएवढाच चालला पाहिजे. इतकं करूनही त्यांचं उत्तर 'नको' असंच आलं, तर रायफल घरी आणू नका. बापलेकांनी मिळून क्लबचं सभासदत्व घ्या. रविवारचा नेम तिथेही होतो, आणि तिथली रायफल तिथेच राहते.